आव्वाज कुणाचा, आणि कुठे?

नमस्कार. सरांनी मला विषय दिलाय शहरातलं संगीत, कला आणि विद्यार्थी, आणि तो इतका पसरट आहे की मी त्यात वाहून जाईन, म्हणून फक्त एकाच गोष्टीवर बोलते. जागा. टॅलेंट पाहिजे, रियाज पाहिजे हे आपल्याला सगळेच सांगतात, पण पुण्यात बीकॉम करता करता माझं मत असं झालंय की आधी आवाज करायला जागा पाहिजे, आणि ती कुणाला मिळते त्यावर कोण काय वाजवणार नि कोण काय गाणार ते ठरतं.

कॉलेजांमधली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घ्या. १९६३ पासून चालू आहे, पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात फेऱ्या सुरू झाल्या की 'अरे आव्वाज कुणाचा' करून पोरं घसा बसवून घेतात. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे सगळा भर लेखन, दिग्दर्शन, अभिनयावर, सेट आणि लाइट्सच्या झगमगाटावर नाही, त्यामुळे खिशात दमडी नसलेली टीम पण उभी राहू शकते. फिरोदिया करंडक या दुसऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाटकातच नाच, गाणं, चित्र, शिल्प, रांगोळी सगळं गुंफायचं, म्हणजे माणसं जास्त, सामान जास्त, हॉल मोठा हवा. पण दोन्हीकडे खरी भानगड त्याआधीच्या दिवसांत असते, लेक्चर संपल्यावर वर्ग मिळेल का, वॉचमनकाका सातला कुलूप लावतात की साडेसातला, मुलींच्या होस्टेलची वेळ काय. मी बॅकस्टेजला होते, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळण्यापेक्षा परवानगीची पत्रंच जास्त लिहिली. वर्ग नाही मिळाला की पार्किंग, गच्ची, नाहीतर कुणाचा तरी फ्लॅट, तिथे मग खालच्या काकू घाबरून वर येतात आणि विचारतात की बाळा सगळं ठीक आहे ना, कारण सीनमधलं भांडण त्यांना खरं वाटलेलं असतं. (हसू नका, आमच्या हीरोला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद होती.)

२०२२ ला परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, त्यावर केवढा गदारोळ झाला. सगळे दर्जावर भांडले. मला विचाराल तर कोविडमध्ये कॉलेजं बंद होती, सिनियर्स पास होऊन गेले, तालीम कशी करतात हे ज्युनियर्सना दाखवणारंच कुणी उरलं नाही, तो मुद्दा जास्त मोठा होता.

आता ढोल-ताशा. पथकांना सरावाला नदीपात्र मिळालंय, निदान खडकवासल्यातून पाणी सोडेपर्यंत, एकदा नदीतला भिडे पूल पाण्याखाली गेला की सराव बंद. आयटीवाले, सीए करणाऱ्या मुली, दहावी झालेली पोरं, सगळे कमरेला ढोल बांधून एका ओळीत, असं या शहरात दुसरीकडे कुठे दिसतं सांगा. आसपासच्या सोसायट्या वैतागतात आणि त्यांचं चूक पण नाहीये, रोज संध्याकाळी तेच ऐकून कुणाचंही डोकं उठेल. पण पथकाला जागा का मिळते? मागे गणपती आहे, मंडळं आहेत, नगरसेवक आहेत. गिटार घेऊन तीन पोरं तिथेच बसली तर पोलीस येऊन विचारतात, काय चाललंय रे.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते रॅप करतात. एमसी स्टॅन ताडीवाला रोडच्या वस्तीतला, २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला तेव्हा पेठेतल्या बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की हा पुण्याचाच आहे. त्याची गाणी मला सगळीच पटतात असं नाही, बायकांबद्दल जे बोललं जातं ते ऐकून मी कितीदा स्किप केलंय. पण हे संगीत दहा बाय दहाच्या खोलीत का जन्मतं ते बघा ना, बीट लॅपटॉपवर बनतो, हेडफोन लावून ऐकायचा, रेकॉर्डिंगला डोक्यावरून गोधडी घ्यायची की झाला स्टुडिओ. हॉल नको, पत्र नको, वॉचमनकाका नकोत.

आणि फक्त आपलीच गोची होते असं नाही हं. भीमसेन जोशींनी १९५३ ला गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, रमणबागेच्या मैदानावर तो रात्र रात्र चालायचा, शाली गुंडाळून लोक पहाटेपर्यंत बसायचे. मग रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आला. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रातच जातात. त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे राग मध्यरात्रीनंतर ऐकायची सोय मांडवात राहिली नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, माझी आजी हार्ट पेशंट आहे, डीजेच्या दिवसांत तिचं काय होतं ते मी बघितलंय.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. महापालिकेच्या ज्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात त्यातला प्रत्येक वॉर्डात एक वर्ग रात्री नऊपर्यंत उघडा ठेवा, एक चालू प्लग पॉइंट द्या, ताशी पन्नास रुपये घ्या, आयकार्ड बघा आणि आत सोडा. साउंडप्रूफ वगैरे नको, आम्ही खिडक्या लावून घेऊ, उकडलं तर उकडलं. पत्राचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय, कुणाचं मराठी चांगलं असेल तर शुद्धलेखन तपासा, आणि सही करताना कॉलेजचं नाव लिहू नका प्लीज, मागच्या वेळी त्यावरूनच आम्हाला ऑफिसात बोलावलं होतं.