आकडा तेवढा सांगा

किती मिळकत झाली की माणूस सुखी होतो, यावर बोलायला उभा राहण्याआधीच एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, ''आकडा तेवढा सांगा, बाकीचं सावकाश ऐकतो.'' असा एक आकडा खरोखरच बरीच वर्षं जगभर फिरत होता. वर्षाला ७५ हजार डॉलर. २०१० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाखांच्या आसपास उत्तरांवरून तो काढला. त्यापुढे मिळकत वाढली तरी रोजच्या मनःस्थितीत फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. पण त्यांच्या त्याच शोधनिबंधात दुसराही प्रश्न होता: शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कुठे आहे? ते उत्तर मिळकतीबरोबर वर चढतच राहिलं. बातम्यांमधून हा अर्धा भाग गळाला. गळणारच, मथळ्यात एकच आकडा मावतो.

२०२१ मध्ये संशोधक मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३ हजारांहून अधिक नोकरदारांना फोनवरून दिवसभरात मधूनच विचारलं, 'आत्ता कसं वाटतंय?' मिळकतीबरोबर चढणारी त्यांची आनंदाची रेघ कुठेच थांबेना. मग कानेमन आणि ते चक्क एकत्र बसले, मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन. विद्वानांमध्ये हे दुर्मीळच! २०२३ साली घोळ सापडला, तो मोजपट्टीत. जुन्या पाहणीत 'काल आनंद वाटला का?' अशा प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं, आणि बहुतेक लोक हो म्हणत. परीक्षेचा पेपर इतका सोपा असला की हुशार कोण ते कळत नाही, नापास तेवढे कळतात. तसं ती पट्टी सुखापेक्षा दुःखच मोजत होती. नव्याने पाहिल्यावर सर्वांत दुःखी वीस टक्के लोकांचं दुःख सुमारे एक लाख डॉलरपर्यंत मिळकतीबरोबर कमी होत गेलं आणि तिथे थबकलं. बाकीच्यांची रेघ चढत राहिली.

चढते, पण कशी? ही वाढ पटीत मोजायची. वीस हजारांचे चाळीस होणं आणि दोन लाखांचे चार होणं, समाधानात पडणारी भर साधारण सारखीच. दुसऱ्याला तेवढ्यासाठी दहापट रक्कम मोजावी लागली. पगारवाढीच्या बैठकीत हे हिशेब कुणी मांडत नाही. शिवाय ही भर मुळात लहानच असते.

मला स्वतःला त्या २०१० च्या निबंधातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आजारपण, घटस्फोट, एकटेपणा ही दुःखं कुणाच्याही वाट्याला येऊ शकतात, पण कमी मिळकतीच्या माणसाला ती जास्त खोल लागतात. त्याच आजारात एकाला औषधाचा आणि बुडालेल्या रोजाचा घोर असतो, दुसऱ्याला फक्त आजाराचा. पैसा इथे नेमकं काय विकत घेतो, ते मला सुखाच्या कुठल्याही आलेखापेक्षा स्पष्ट दिसतं.