टनभर मालाला अडीच किलो तेल

हा तुकडा नुकताच जुन्या रस्त्यावरून खरवडून काढलाय. दोन्ही हातांनी वाकवायला जावं, तर काटकन तुटतो. तुटल्या जागी पाहा: खडी अजून टणक आहे. थकलंय ते तिला धरून ठेवणारं डांबर.

डांबरी रस्त्यात डांबर वजनाच्या जेमतेम 5 टक्के, बाकी खडी आणि वाळू. पण रस्ता एकसंध राहतो तो त्या 5 टक्क्यांच्या जिवावर. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन वर्षानुवर्षं त्याला पोखरतात. त्यातले तेलकट घटक कमी होत जातात. अस्फाल्टीन नावाचे जड घटक वाढतात आणि त्यांचे पुंजके बनतात. असं कडक झालेलं डांबर थंडीत आकसताना ताण सोसत नाही. भेगा पडतात.

प्रयोगशाळेत हा कडकपणा एका सुईने मोजतात. तापमान 25 अंश सेल्सिअस, भार 100 ग्रॅम, वेळ 5 सेकंद. रस्त्याच्या नव्या डांबरात सुई 6-7 मिलिमीटर उतरते. जुन्यात अनेकदा दोनवरच अडते.

असा उकरलेला माल पुन्हा रस्त्यात वापरायचा, तर त्यातलं डांबर मऊ करावं लागतं. इथे वनस्पती तेल कामाला येतं. सोयाबीनचं, एरंडीचं, पाइनच्या लाकडाचा लगदा करताना निघणारं टॉल ऑइल, अगदी तळणाचं उरलेलं तेलसुद्धा. ते पुंजक्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतं आणि डांबरात पुन्हा लवचीकपणा येतो. आणि लागतं किती? टनभर उकरलेल्या मालात 50 किलो डांबर धरा. त्याच्या 5 टक्के, म्हणजे अडीच किलो. टनभर दगडाला अडीच किलो तेल! मला तरी यातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

मात्र तेल जास्त पडलं, तर डांबर नरम राहतं आणि अवजड गाड्यांखाली रस्त्यावर चाकोऱ्या उमटतात. तळणाच्या तेलाचं आणखी एक दुखणं असतं. पुन्हापुन्हा तापल्याने त्यात आम्लं वाढलेली असतात. मग पाणी मुरलं की डांबर खडीला सोडू लागतं. म्हणून ते आधी शुद्ध करून घ्यावं लागतं.

शिवाय हा मऊपणा टिकायला हवा. तेलही हवेने जुनं होतंच. मऊपणा टिकतो का, हे तपासायला तेल मिसळलेलं डांबर 20 तास, 100 अंशांच्या आसपास, दाबाखालच्या हवेत ठेवतात. रस्त्यावरची कित्येक वर्षं त्या बंद पात्रात उरकली जातात. मग झाकण उघडतं, डांबर निवतं, आणि तीच सुई पुन्हा त्यावर टेकवली जाते.