व्हायरस कुठे अडतो आणि कुठे अडत नाही

नमस्कार श्रोतेहो.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही, मॅकला लागत नाही, लागतो तो विंडोजलाच,’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. त्याचं एक ठरलेलं उत्तरही असतं: विंडोज वापरणारे जास्त, म्हणून व्हायरस लिहिणारेही तिकडेच वळतात. हे खरं आहे, पण अर्धंच. जगातल्या वेबसर्व्हरांचा, म्हणजे वेबसाइट पुरवणाऱ्या यंत्रांचा, फार मोठा हिस्सा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. पैसा आणि माहिती तिथेही भरपूर आहे, हल्लेही रोज होतात. तरीही मेलमधून आलेली फाइल उघडली आणि यंत्र गेलं, असं तिथे क्वचितच घडतं. याचं कारण शोधायचं तर दोन प्रश्न विचारायला हवेत. बाहेरून आलेली फाइल चालू कशी होते? आणि चालू झाल्यावर तिला किती अधिकार मिळतात?

आधी अधिकारांचं बघू. युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम १९७०च्या दशकात घडली ती एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करतील असं धरून. म्हणून प्रत्येक फाइलला मालक आणि वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तीन परवानग्या. साध्या वापरकर्त्याने चालवलेला प्रोग्रॅम सिस्टिमच्या फाइलींना हात लावू शकत नाही. तो अधिकार ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा. लिनक्स आणि मॅक याच घराण्यातले. विंडोज ९५ आणि ९८ मात्र एका माणसाच्या घरगुती पीसीसाठी होते. त्यांच्या फॅट फाइल सिस्टिममध्ये फाइलचा मालक नोंदवायची सोयच नव्हती, त्यामुळे कोणताही प्रोग्रॅम काहीही पुसू शकत असे. २००१ साली आलेल्या एक्सपीमध्ये परवानग्या होत्या, पण इन्स्टॉल करताना तयार होणारं खातंच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असायचं. म्हणजे दाराला कुलूप बसवलं आणि किल्ली त्यातच ठेवली. पुढे व्हिस्टाने ‘परवानगी आहे का?’ विचारणारी खिडकी आणली, आणि लोकांना न वाचता होकार द्यायची सवय लागली.

आता फाइल चालू कशी होते ते. लिनक्सवर ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला ‘चालवणे’ ही परवानगी मुळात नसते. ती तुम्हाला प्रॉपर्टीजमध्ये खूण करून किंवा ‘सीएचमॉड’ या आज्ञेने द्यावी लागते. विंडोजवर मात्र फाइल चालवायची की नुसती उघडायची, हे नावाच्या शेवटच्या तुकड्यावर, म्हणजे एक्स्टेन्शनवर ठरतं. आणि गंमत अशी, की ओळखीची एक्स्टेन्शन्स विंडोज आपणहून लपवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा वर्म, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर स्वतःच्या प्रती पाठवणारा प्रोग्रॅम, पसरला तो याच फटीतून. फाइलचं खरं नाव होतं ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. शेवटचं ‘व्हीबीएस’, म्हणजे चालणाऱ्या स्क्रिप्टची खूण, लपलं, उरलं साध्या मजकुराचं ‘टीएक्सटी’. प्रेमपत्र म्हणून डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट चालायची, आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःला पाठवायची आणि डिस्कवरच्या जेपीजी फोटोंच्या जागी स्वतःची प्रत लिहायची.

पेन ड्राइव्हचीही तीच कथा. लावला की ‘ऑटोरन’ची फाइल वाचून प्रोग्रॅम सुरू व्हावा, ही सीडीच्या काळातली सोय. २००८ साली आलेल्या कॉन्फिकर या वर्मने तिचाही भरपूर वापर केला. ती वाट विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी बंद झाली.

सॉफ्टवेअर कुठून येतं, हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. लिनक्सवर बहुतेक सॉफ्टवेअर वितरणाच्या, म्हणजे उबुंटू किंवा डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या, स्वतःच्या भांडारातून येतं. प्रत्येक अपडेटच्या वेळी डिजिटल सही तपासली जाते आणि ती जुळली नाही तर ‘एपीटी’ हा सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम काम थांबवतो. विंडोजवरची जुनी सवय म्हणजे सर्च करायचं, पहिल्या मोठ्या हिरव्या बटणावर क्लिक करायचं, सेटअप चालवायचा. ट्रोजनला, म्हणजे उपयोगी सॉफ्टवेअरचं सोंग घेतलेल्या घातक प्रोग्रॅमला, याहून सोपा रस्ता नको. फोनवरही अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधून घेतलं, तर धोका बराच कमी होतो, तो याच कारणाने.

पण ‘आमच्याकडे लिनक्स आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. १९८८चा मॉरिस वर्म युनिक्स यंत्रांवरच पसरला होता. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या ट्रोजनने जावा या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून सुमारे सहा लाख मॅक गाठले. २०१६च्या मिराई या घातक प्रोग्रॅमने तर लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर पकडले, तेही कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. आणि रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला, रूट लागतंच असं नाही. तुमचे फोटो, तुमचे हिशेब तुमच्याच मालकीचे असतात, त्यामुळे तुमच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्रॅम ते कुलूपबंद करू शकतो.

मग करायचं काय? विंडोज ११ वर फाइल एक्स्प्लोरर उघडा, ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. त्यानंतर सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये दुसरं खातं तयार करून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, चांगला पासवर्ड द्या, त्यातून साइन इन करा आणि तुमचं रोजचं खातं ‘स्टँडर्ड यूजर’ करा. क्रम उलटा करू नका. आता परवानगीची खिडकी नुसतं ‘येस’ घेणार नाही, पासवर्ड मागेल. तेवढा वेळ विचार करायला पुरतो.

अपडेट पुढे ढकलू नका. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला, त्याला अडवणारा पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट, त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच आला होता. लिनक्सवाल्यांनी इंटरनेटवर सापडलेली ‘सूडो’ने सुरू होणारी, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालणारी, ओळ न वाचता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नये, वर सांगितलेली सगळी संरक्षणं ती एका एंटरमध्ये ओलांडते. आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेत असाल, तर काम झालं की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं, मग सिस्टिम कोणतीही असो.