गोड्या पाण्याची सुट्टी

[पहाट. अंगणात पितळी गुंड. एक म्हातारी बाई गुंडातलं पाणी ग्लासात ओतते आहे.]

आमच्या गावात पाहुणा आला की त्याच्या हाती पाणी देताना घरातली बाई ओशाळायची. पाहुणा पहिला घोट घ्यायचा, थबकायचा आणि मग भिडेपोटी दुसरा घोट घ्यायचा. ग्लास अर्धा तसाच खाली ठेवायचा. त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

गाव दर्यापूर तालुक्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा काळा, सपाट मुलूख. याला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली साडेआठशेहून जास्त गावं या पट्ट्यात येतात. इथे कापूस, तूर, मूग, हरभरा उत्तम पिकतो. पण विहीर खोदली की खारं पाणी लागतं. नदीच्या गाळाचे जाडच्या जाड थर, त्यातून पाण्याचा नीट निचरा नाही, आणि वर्षानुवर्षं क्षार जमिनीखालच्या पाण्यात साचत गेलेले. त्या पाण्यानं ओलीत करावं तर माती चोपण, म्हणजे कडक आणि नापीक होते. म्हणून विहिरी असूनही आमची शेती कोरडवाहू. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावात घरोघरी कोणाला तरी मूतखडा. माझ्या मोठ्या काकांचे मूत्रपिंड गेले तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय आमच्या सुट्ट्या समजणार नाहीत. लहानपणीची प्रत्येक सुट्टी माझ्या जिभेवर आहे. कुठे गेलो, काय पाहिलं यातलं पुष्कळ विसरलो. पण कुठलं पाणी कसं लागलं, ते अजून सांगता येतं.

[गवतात बुडालेले अरुंद रूळ. लांबवर एक पडकं स्टेशन.]

सुट्टी सुरू व्हायची बैलगाडीत. एप्रिलअखेर परीक्षा संपली की वडील आम्हाला बनोसा स्टेशनवर सोडायचे. दर्यापूरचं स्टेशन ते बनोसा. तिथून शकुंतला पकडायची आणि उत्तरेला, मामाच्या गावी.

शकुंतला म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस उचलण्यासाठी ही लाइन टाकली. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला यायच्या, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि बोटीनं मँचेस्टरला. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला जातो आणि दुसरा अचलपूरला. अचलपूरचा फाटा ७६ किलोमीटरचा. देशभरातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या लाइनीची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची मात्र भारतीय रेल्वे. माझ्या लहानपणी पुढे वाफेचं इंजिन असायचं. ते १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलं होतं. जिथे आमचा कापूस गेला, तिथूनच ते आलं. १९२३ पासून ते या रुळांवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

धावलं म्हणायचं, पण गाडीची चाल बैलगाडीहून थोडी बरी. एखादी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन बांधावरून हात करत येताना दिसली, की ड्रायव्हर गाडी हळू करायचा. डब्यात कोंबड्या, तुरीच्या डाळीची पोती, लग्नाची वऱ्हाडं. खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात जायचे. आई पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं गरम करून डोळ्यावर धरायची. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, लाल मिरच्यांचा ठेचा आणि कांदा. आणि एक छोटी छागल, म्हणजे पाण्याची पिशवी. तिच्यात आमचं घरचं पाणी.

लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव. अंजनगाव मागे पडलं की खिडकीतला रंग बदलायचा. तोवर दोन्ही बाजूंना उन्हाळ्यात उलून पडलेली काळी शेतं, भेगा इतक्या रुंद की आत हात जाईल. मग अचानक हिरवं दिसायचं. पानपिंपरीचे मळे, विड्याच्या पानांचे मांडव, केळी आणि पुढे संत्र्याच्या बागा. समोर सातपुड्याची निळी भिंत. डोंगराच्या पायथ्याचा हा पट्टा. इथलं पाणी गोडं.

पाथ्रोटला उतरलो की मामा बंडी, म्हणजे बैलगाडी घेऊन उभा. त्यानं आणलेल्या तांब्यातलं पाणी आधी आईला द्यायचं, हा त्याचा नेम. आई तो तांब्या दोन्ही हातांनी धरायची आणि डोळे मिटून पूर्ण संपवायची. मधे एकदाही थांबायची नाही. मी पुष्कळ ठिकाणी गेलो, मोठमोठे धबधबे पाहिले, समुद्र पाहिला. पण सुट्टी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे स्टेशनवर उभी राहून पाणी पिणारी माझी आई येते.

मग मामी दारातच म्हणायची, "पह्यले पानी प्या पोट्टेहो, मंग बोला."

मामाच्या मळ्यात थाळणं होतं, मोटेचं पाणी पडतं तो हौद. मोट गेली होती, मोटारपंप आला होता. थाळण्यात पंपाची धार पडायची आणि आम्ही सहा-सात मावस-मामेभावंडं दुपारभर त्या धारेखाली. तिथे साबणाला फेस यायचा! आम्ही नुसता फेस काढत बसायचो. आमच्या दृष्टीनं ती चैन होती. संध्याकाळी आंब्याचा रस आणि कुरडया, रात्री अंगणात बाजा टाकून झोपायचं. मामीची तुरीची डाळ इतकी मऊ शिजायची, की आई दर वेळी एकच गोष्ट म्हणायची, "वयनी, हे पानी हाय, हे." मामीच्या हाताचं कौतुक ती करत नव्हती असं नाही. पण तिला ठाऊक होतं, हे पाणी असतं तर तीही मामीसारखीच डाळ करू शकली असती.

या भागातला, आपल्या मामाच्या गावी वाढलेला सर्वांत थोर माणूस म्हणजे गाडगेबाबा. जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा. वडील गेल्यावर आईबरोबर छोटा डेबू मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी आला आणि तिथेच गुरं राखत, शेती करत मोठा झाला. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे यात्रेकरूंना चिखलातून नदीत उतरावं लागे, म्हणून बाबांनी घाट बांधवून घेतला. वेचणी सरत आली की वडील आम्हाला या यात्रेला न्यायचे. त्यांची वर्षातली एवढीच सुट्टी, एका दिवसाची. नदीत अंघोळ, रोडगे-वरण आणि परत. घाटाच्या पायऱ्या उतरताना ते चप्पल काढून हातात घ्यायचे. देवळाच्या पायऱ्यांवर काढावी तशी.

[धुकं. घाटाचा वळणाचा रस्ता. एस.टी.चे दिवे.]

मी बारा वर्षांचा असताना मामा आम्हाला चिखलदऱ्याला घेऊन गेला. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून पहिला पाऊस आम्हाला सुट्टीतच मिळायचा. परतवाड्याहून एस.टी., धामणगाव गढी मागे टाकलं की घाट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं ती कीचकदरा, तिचं चिखलदरा झालं असं लोक सांगतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे. आता मोथ्याच्या खव्यासाठी, स्ट्रॉबेरीसाठीही लोक थांबतात. तेव्हा आम्ही भाजलेल्या मक्याच्या कणसाला थांबलो होतो.

गाविलगडावर गेलो तेव्हा मामानं इतिहास थोडक्यात उरकला. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला खाली अंजनगाव-सुर्जीला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला. ज्या अंजनगावावरून आम्ही गाडीत भाकर खात गेलो, तेच. मला त्या वयात त्याचं काही वाटलं नाही. किल्ल्यातले तलाव मात्र मी बराच वेळ पाहत उभा होतो. इतक्या उंचावर, इतकं पाणी, आणि प्यायला कोणीच नाही.

खरं घडलं ते देवी पॉइंटवर. कड्याच्या पोटात देवीचं ठाणं आहे. वरच्या खडकातून पाणी टपटपत राहतं. आम्ही ओंजळी धरल्या. गार, आणि इतकं हलकं की प्यायल्यासारखं वाटेना. मामा म्हणाला, "वयखलं का हे पानी? हे चंद्रभागा हाय. तुमच्या दर्यापुरातून जाते थेच."

मी मामाकडे पाहतच राहिलो. दर्यापूरची चंद्रभागा मी रोज पाहत होतो. उन्हाळ्यात कोरडी पडणारी, कडेला गुरं बसलेली. ती इथे, ढगात जन्मते? मग तिच्या काठच्या विहिरी खाऱ्या कशा? मामाला उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, "पानी खालतं गेलं का मातीचं होते बाप्पा."

त्या उत्तरावर मी पुढे पुष्कळ वाचलं. मामाचं म्हणणं बरोबर होतं.

लोणारचा प्रवास शाळेच्या सहलीचा. अशनी आदळून बेसाल्ट खडकात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. काठावरून खाली उतरलो, सरोवराशी पोचलो आणि आमच्यातल्या एकानं बोट बुडवून चाखलं. "अरे, आपल्या विहिरीचंच हाय!" सगळी मुलं धावली. तिथलं पाणी आमच्याहून कितीतरी पट खारं, पण चव ओळखीची निघाली याचा आम्हाला मोठा आनंद झाला. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार अखंड पडते. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. आमच्याबरोबरच्या बाई त्या विहिरीपाशी बराच वेळ बसून होत्या. २०२० च्या जूनमध्ये हे सरोवर गुलाबी झालं तेव्हा जगभर बातमी झाली. पाणी आटून क्षार वाढले, आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

[पुन्हा अंगण. नळाच्या तोटीतून धार. बाई गुंड खाली सरकवते.]

शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे. तिच्या जागी रुंद रुळांची गाडी यावी अशी लोकांची मागणी आहे. मामाही गेला. मळा मामेभाऊ पाहतो.

गावात नळ आला. सातपुड्याच्या पायथ्याशी शहानूर नदीवर धरण आहे. तिथलं पाणी नळानं अंजनगाव, दर्यापूरकडच्या खाऱ्या गावांत येतं. रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे तीनला. आई तेव्हा उठून बसलेली असते. आता ती पंच्याऐंशीची आहे, गुंड उचलवत नाही, पण पहिला ग्लास तीच भरते.

मागच्या दिवाळीत माझ्या मुलीच्या मैत्रिणी पुण्याहून आल्या. आईनं एकेकीच्या हातात ग्लास दिला आणि समोर उभी राहिली, त्या पिईपर्यंत. ग्लास रिकामे झाले, तिनं ते मोजले.

मग म्हणाली, "माह्या माहेरचं हाय."