मोटार टांगायची कुठे?

नमस्कार श्रोतेहो. मुंबईत दादर पूर्वेला आलात की आजही 'टी. टी.' हे नाव कानावर पडतं. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री धावली. रूळ गेले, तारा गेल्या, नाव राहिलं. विजेची ट्राम मुंबईत आली ७ मे १९०७ला. त्याआधी ३३ वर्षं ट्राम घोडे ओढत होते. पण आज मला त्याही मागे, अमेरिकेतल्या रिचमंड शहरात जायचंय. विजेच्या ट्रामचं घोडं जिथे अडलं होतं, ते तिथे सुटलं.

वीज होती, विजेवर फिरणारी मोटारही होती. बर्लिनजवळ सीमेन्सने १८८१ मध्येच विजेची ट्राम चालवली होती. पण तिथे वीज खेळायची ती रुळांतूनच. नाल ठोकलेल्या घोड्याचे पाय एकदम दोन्ही रुळांवर पडले तर? भर बाजारात हे चालणारं नव्हतं.

फ्रँक स्प्रेग हा नौदलात शिकलेला, काही काळ एडिसनकडे काम केलेला इंजिनिअर. १८८७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने रिचमंडचं काम अंगावर घेतलं: १२ मैल रूळ, ४० गाड्या, प्रत्येकीला दोन मोटारी आणि मुदत ९० दिवस. त्यातच त्याला विषमज्वराने गाठलं.

आता मूळ दुखणं सांगतो. ट्राम हादरत चालते. मोटार वर डब्यात ठेवून पट्ट्याने किंवा साखळीने चाक फिरवावं, तर साखळी सटकते. मोटार थेट चाकांच्या आसावरच चढवावी, तर रुळाचा प्रत्येक दणका तिच्या अंगात. स्प्रेगने काय केलं? मोटारीची एक बाजू बेअरिंगने आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंग लावून गाडीच्या सांगाड्याला लटकवली. आस उसळला की मोटारही त्याच्याभोवती जराशी झुलते, पण मोटारीच्या आणि आसाच्या दातेरी चाकांचे दात एकमेकांतून सुटत नाहीत. मालगाड्यांच्या कितीतरी इंजिनांत मोटारी आजही अशाच टांगलेल्या असतात.

हे लिहिलंय सोपं, घडलं तसं नाही. रिचमंडमध्ये १०० फुटांना १० फूट असा चढ होता. एका रात्री स्प्रेगने चाचणीसाठी गाडी वर नेली. गाडी चढली खरी, पण मोटार तापून बसली. भोवती ही गर्दी! स्प्रेगने मदतनिसाला मोठ्याने सांगितलं, जाऊन उपकरणं घेऊन ये. मग दिवे मालवून हा गडी बाकावर आडवा. गर्दी पांगल्यावर अंधारातून उपकरणं आली: चार दणकट खेचरं.

वीज वरून आणायची ठरली. रस्त्यावर तार, गाडीच्या टपावर दांडा, दांड्याच्या टोकाला खोबणीचं छोटं चाक. स्प्रिंग ते चाक खालून तारेला दाबून धरते. तारेतून आलेला प्रवाह मोटारीतून फिरून रुळांवाटे वीजघरात परततो. मोटारीच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तांब्याचे ब्रश मात्र भराभर झिजायचे. कार्बनचे ब्रश आले तेव्हा कुठे दुरुस्तीवाल्यांना श्वास मिळाला.

आणि चालवणारा? तो गाडीच्याच पुढच्या फलाटावर उभाच. हाताशी वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर, हाताशीच ब्रेकचा दांडा, पायाखाली घंटा. पुढे जे कंट्रोलर आले, त्यांत निघताना ५०० व्होल्ट दोन मोटारींत वाटून जायचे, वेग आल्यावर प्रत्येकीला पूर्ण मिळायचे. कंट्रोलर एकेक खाच मोजत फिरवायचा. घाई केली की उभे प्रवासी एकमेकांच्या अंगावर.

२ फेब्रुवारी १८८८ला रिचमंडची नियमित वाहतूक सुरू झाली. पुढे बोस्टनचे ट्रामवाले हेन्री व्हिटनी पाहायला आले. त्यांच्या मनात जमिनीखालून ओढणारा पोलादी दोर होता. एकाच जागी अडकलेल्या गाड्या एकदम सुटतील का, ही त्यांची शंका. स्प्रेगने त्या रात्री २२ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या आणि कंदिलाचा इशारा दिला. पहिली निघाली, दुसरी, तिसरी. ५००चे व्होल्ट २०० वर घसरले, दिवे विझू विझू झाले. तरी एकेक करत सगळ्या गाड्या दिसेनाशा झाल्या. व्हिटनींनी दोराचा बेत सोडून दिला.