आजीचे 41 एमबी

[दृश्य: पुण्यातलं स्वयंपाकघर. ओट्यावर चकलीचा सोऱ्या. शेजारी फोन, स्क्रीनवर सूचना झळकते.]

2022 सालची दिवाळी. आई चकल्या तळत होती आणि फोन सारखा एकच सांगत होता, जागा संपली. "बघ गं जरा, भरला म्हणतोय," असं म्हणत तिनं पिठाच्या हातानंच तो माझ्याकडे सरकवला.

फोन 32 जीबीचा. त्यातली दहा-बारा जीबी तर फोनची स्वतःची यंत्रणाच अडवून बसते. उरलेल्या जागेत नातवाचे फोटो, सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप आणि शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप. रोज सकाळी सहापासून उगवता सूर्य, गुलाबाची फुलं, दत्तगुरू, चहाचा कप आणि त्यावर शुभ सकाळ. एकेक चित्र लहानसंच, पण तेच चित्र चार ग्रुपांतून आलं तर फोनमध्ये चारदा उतरू शकतं.

हे एकट्या आईचं दुखणं नव्हतं. भारतातले फोन भरतात कशानं, याचा शोध घेताना गूगलच्या संशोधकांना हीच सुप्रभाताची चित्रं सापडली होती. 2017 च्या डिसेंबरात गूगलनं 'फाइल्स गो' नावाचं सफाईचं ॲप आणलं. अशी चित्रं हुडकून एकगठ्ठा पुसायची सोय त्यात होती.

[दृश्य: फाइल मॅनेजर. एकेका फोल्डरवर बरोबरची खूण होत जाते.]

मी मात्र त्या दिवशी घाईत होते. फाइल मॅनेजर उघडला, व्हॉट्सॲपच्या फोल्डरात शिरले. इमेजेस, व्हिडिओ, ऑडिओ, व्हॉइस नोट्स. सगळ्यांवर खूण केली आणि डिलीट. फाइली आधी ट्रॅशमध्ये जातात, तिथे तीस दिवस राहतात आणि तोवर जागाही अडवतात. म्हणून मी ट्रॅशही रिकामी केली. नऊ जीबी मोकळी झाली. आई खूश.

चार दिवसांनी तिनं आजीचं चॅट उघडलं.

आजी, म्हणजे आईची आई, वाईला असायची. 2021 मध्ये ती गेली. तिला टाइप करणं जमायचं नाही, म्हणून ती माइकचं बटण दाबून बोलायची. आई अधूनमधून, विशेषतः सणाच्या दिवसांत, त्यातलं एखादं ऐकायची. हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिनं बटण दाबलं, तर आवाज येईना. फाइल सापडत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, अशा अर्थाची सूचना आली.

पाठवणाऱ्याला.

आई मला काही बोलली नाही. फोन पालथा ठेवला आणि देवघरात जाऊन बसली.

[दृश्य: रात्र. लॅपटॉपचा उजेड. रिकव्हरीच्या ॲपमध्ये रिकामी यादी.]

त्या रात्री मी रिकव्हरीची तीन ॲप वापरून पाहिली. हाती लागली ती काही चित्रांची धूसर लघुरूपं. आवाज एकही नाही.

असं का होतं, ते नंतर समजून घेतलं. फोनमधली साठवण म्हणजे फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी ती 1984 मध्ये जगापुढे मांडली. तिच्यातला मजकूर पुसला जाण्याचा वेग पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव राहिलं. या मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ठोकळा पुसावा लागतो. म्हणून आपण डिलीट केलेल्या फाइलींच्या जागा फोन सवडीनं, आपल्या नकळत साफ करून ठेवतो. फोन गच्च भरला की मंदावतो, त्याचंही एक कारण हेच. पुसापुशीला मोकळे ठोकळेच उरलेले नसतात. त्यातच आताच्या फोनमधला सगळा मजकूर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेलं पुष्कळदा परत मिळायचं, तसं इथे सहसा होत नाही. व्हॉट्सॲपही जुन्या फाइली आपल्या सर्व्हरवर कायम सांभाळत नाही.

आणि मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. आवाजाला जागा लागतेच किती? व्हॉट्सॲपवरचं मिनिटभराचं बोलणं साधारण 120 केबीत, म्हणजे एका एमबीच्या जेमतेम आठव्या भागात मावतं. फोननं काढलेला फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला 60 ते 130 एमबी घेतो. म्हणजे मिनिटभराचा एक व्हिडिओ पुसला असता, तर आजीच्या शेकडो मिनिटांना जागा झाली असती. मी नऊ जीबी मोकळी केली, त्यात आजीचा वाटा चिमूटभरही नव्हता.

[दृश्य: आईचा फोन. व्हॉट्सॲपची सेटिंग्ज हळूहळू उलगडतात.]

आता मी कुणाचाही फोन हातात घेतला की फाइल मॅनेजरकडे जात नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. 5 एमबीहून मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या काढलेल्या असतात. कुणाच्या चॅटनं किती जागा घेतली, तेही मोठ्याकडून लहानाकडे दिसतं. वरचे दोन-तीन ग्रुप उपसले तरी बहुतेक वेळा काम भागतं. खालच्या छोट्या चॅटना हात लावायचा नाही. तिथेच माणसं असतात.

'स्टोरेज अँड डेटा'च्याच पानावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करता येतं. आईच्या फोनवर ते केलं. सूर्य आणि गुलाब आता बोट लावल्याशिवाय उतरत नाहीत.

गूगल फोटोजमध्ये एक गल्लत फार जण करतात, ती इथे सांगितलीच पाहिजे. 'फ्री अप स्पेस' म्हटलं, तर ज्या फोटोंचा बॅकअप झालाय तेवढेच फोनवरून जातात, गूगलकडे राहतात. पण तोच फोटो साध्या डिलीटनं काढला, तर तो दोन्हीकडून जातो. तसंच कॅशचं, म्हणजे ॲपनं तात्पुरत्या साठवलेल्या फाइलींचं. 'क्लिअर कॅश' निर्धास्त करा. त्याच्या शेजारचं 'क्लिअर डेटा' मात्र ॲपला कोऱ्या पाटीवर नेऊन ठेवतं.

[दृश्य: वाईचं घर. लाकडी कपाट. साड्यांच्या घडीखालून फोन निघतो, काचेला तडा.]

डिसेंबरात वाईला गेलो. मामीनं कपाट उघडलं. आजीचा फोन तिनं टाकून दिला नव्हता. काचेला तडा, बॅटरी पूर्ण उतरलेली. अर्धा तास चार्जरला लावला तेव्हा कुठे उजेड आला.

बोललेल्या निरोपाची एक प्रत पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही राहते. केबलनं फोन लॅपटॉपला जोडला. 'व्हॉइस नोट्स'च्या आत नुसत्या आकड्यांचे फोल्डर होते. 202013 म्हणजे 2020 सालचा तेरावा आठवडा. टाळेबंदी लागली तो आठवडा. तिथून पुढे गर्दीच गर्दी. पुणे आणि वाई यांच्यातला घाट बंद होता, तेव्हा या दोघी अशा बोलत होत्या.

एकूण 312 फाइली. 41 एमबी. लॅपटॉपवर एक प्रत, पेन ड्राइव्हवर दुसरी, आणि तिसरी आईच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपबाहेर, आजीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात.

आई पायरीवर बसली होती. मी 202037 मधली एक फाइल लावली.

[आवाज: किंचित खरखर. मागे कोंबडा आरवतो. आजी बोलते.]

"अगं, मसाल्याचं विचारलंस ना. दगडफूल भाजताना गॅस अगदी बारीक ठेव. दिसत नाही, पण लगेच जळतं ते. आणि खोबरं किसूनच घे हं, तुकडे नको करूस. थांब, दाराशी कुणीतरी आलंय. मग बोलते."