सी ड्राइव्हची लाल पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

कॉम्प्युटरवर 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राइव्हच्या, म्हणजे विंडोज आणि बहुतेक फायली जिथं राहतात त्या डिस्कच्या, नावाखाली एक निळी पट्टी दिसते. ती हळूहळू भरत जाते आणि दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की लाल होते. लाल झाली की आमच्या दुकानात फोन येतो. फोनवरचं वाक्य ठरलेलं: "नवीन काहीच टाकलं नाही हो, मग जागा गेली कुठं?" लातूरला दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता माझे केस पांढरे झाले, हे वाक्य काही बदललं नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला मोटार चालू करायला शेतात जायचं असेल तर खोळंबा नको. जागा आपोआप आटत नसते. डिस्कवर कुणीतरी लिहीत असतं. तुम्ही लिहीत नसाल तर दुसरं कुणीतरी लिहीत असतं. ते कोण, हे आधी शोधायचं. आधी शोधायचं, मग पुसायचं.

त्याआधी नव्या गिऱ्हाइकांची एक तक्रार निकालात काढू. "५०० जीबीचे पैसे दिले आणि ४६५ च दिसतात, बाकीचे कुणी खाल्ले?" कुणीच नाही. डिस्कची कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. कंपनीचा एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट. विंडोजचा एक जीबी म्हणजे एक अब्ज सात कोटींहून थोडे जास्त. माप मोठं घेतलं की आकडा लहान येणारच. म्हणून ५०० ची डिस्क ४६५ दिसते, एक टीबीची ९३१ दिसते आणि २४० ची २२३ दिसते. हा २२३ चा आकडा जरा लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

आता लिहिणारे कोण कोण? सगळ्यात जास्त लिहितं ते विंडोज स्वतः. मोठं अपडेट झालं की जुनं विंडोज लगेच जात नाही. नवं जमलं नाही तर मागं फिरता यावं म्हणून ते 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात राहतं आणि साधारण दहा दिवसांनी आपणहून निघून जातं. त्यामुळं अपडेटच्या दुसऱ्या दिवशी पट्टी एकदम पुढं सरकली तर जरा दम धरा. रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती जागा, अपुरी पडली की विंडोज डिस्कचा एक भाग रॅमच्या मदतीला घेतं, ती पेजफाइल. हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करण्यासाठी, आणखी एक फाइल, ती सहसा रॅमच्या ४० टक्के. म्हणजे आठ जीबी रॅम असेल तर तीन जीबीच्या वर. मग बिघाड झाला तर मागं फिरायला जपलेले रिस्टोर पॉइंट आहेत, ब्राउझरनं साठवलेली पानं आहेत, तात्पुरत्या फायलींचं टेम्प फोल्डर आहे. टेम्पमधल्या फायली प्रोग्रामांनी काम झाल्यावर आवरायच्या असतात. पण लाइट गेली, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला, की त्या तशाच राहतात. आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते मी सांगायची गरज नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. सकाळी सहाला सूर्य, गुलाब आणि वाफाळता चहा पाठवणाऱ्या सज्जनांबद्दल मला आदर आहे, पण एकच गुलाब अकरा ग्रुपांवरून अकरा वेळा येतो. लग्नाच्या ड्रोनच्या शूटिंगबद्दल तर बोलायलाच नको. तीन तास मांडवाचं पत्र्याचं छत वरून बघायला कोण बसतं, हे मला अजून कळलेलं नाही. अल्बम बरा होता. असो.

ही झाली नेहमीची मंडळी. पण कधी कधी लिहिणारा या यादीत नसतोच. त्याची एक हकिकत सांगतो. हकिकत लांब आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझ्या साडूच्या मुलाचं निलंगा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर आहे. पत्र्याची खोली, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर. खरीप २०२३ ची गोष्ट. एक रुपयात पीकविमा त्याच हंगामात सुरू झाला होता, त्यामुळं सकाळपासून रांग. सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं स्कॅन करायचं, भरायचं आणि पावती छापून हातात द्यायची. एक दिवस पोराचा फोन आला.

"काका, ह्यो कॉम्प्युटर रोज जागा खाऊलालाय."

"रोज म्हणजे?"

"सकाळी बघावं तर बरी असती, सांजच्याला तीन-चार जीबी गायब. आन् मी तर काहीच ठिवत नाही, सगळं साइटवर चढवून पुसून टाकतो."

तालुक्याच्या गावाहून कॉम्प्युटरवाला येऊन गेला होता. तो म्हणाला, "व्हायरस हाय, फॉरमॅट मारावं लागंल." मारला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकलं. जागा मोकळी झाली, गडी पैसे घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात पट्टी पुन्हा चढायला लागली. पुन्हा तोच गडी, पुन्हा फॉरमॅट. मग कुणी म्हणालं डिस्कच खराब आहे, कुणी म्हणालं इंटरनेटवाले आतून काहीतरी भरतात. साडूच्या आईनं सेंटरच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मग मला बोलावणं आलं.

मी गेलो. आधी निलंगा राईस खाल्ला. तो हॉटेलातच खावा, घरी तसा होत नाही, यावर माझं आणि बायकोचं कधी एकमत होणार नाही. मग कॉम्प्युटरपुढं बसलो.

डिस्क २४० ची, दिसते २२३. त्यातली २१० च्या आसपास भरलेली. कुठलं फोल्डर किती जागा घेतं ते दाखवणारे फुकटचे प्रोग्राम मिळतात, त्यातला एक लावला. त्यानं सगळी फोल्डरं मोजली आणि बेरीज दाखवली ऐंशीच्या घरात. म्हणजे भरलेले २१०, मोजून सापडले ८०. मधले १३० कुठं?

श्रोतेहो, इथं माणसं फसतात. बेरीज जुळली नाही की म्हणतात डिस्कच खोटं बोलते. डिस्क खोटं बोलत नाही. आपल्याला काही खोल्या उघडून बघायची परवानगी नसते, एवढंच. साध्या परवानगीनं प्रोग्राम चालवला तर विंडोजची काही फोल्डरं त्याला उघडतच नाहीत, आणि जे उघडलं नाही ते तो मोजत नाही. म्हणून बेरीज जुळत नसेल तर प्रोग्रामवर उजवी क्लिक करायची आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणायचं. पुन्हा सांगतो: उजवी क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

तसं केलं, आणि पडद्यावर एक भला मोठा चौकोन उमटला. जेवढं फोल्डर मोठं, तेवढा चौकोन मोठा. विंडोज, त्यात सिस्टिम थर्टी टू, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. त्या एका फोल्डरात हे सगळे १३० जीबी. आत फायलींची रांगच्या रांग, नावाच्या जागी नुसते आकडे आणि शेवटी एसपीएल. कुठली १० एमबीची, कुठली ९० ची.

आता हे काय असतं? आपण प्रिंटची आज्ञा दिली की ते पान थेट प्रिंटरकडं जात नाही. आधी ते डिस्कवर एका फाइलमध्ये लिहिलं जातं आणि तिथून प्रिंटर ते सवडीनं उचलतो. कागद बाहेर पडला की ती फाइल पुसली जाते. या कॉम्प्युटरवर ती पुसलीच जात नव्हती. प्रिंटरची रांग उघडून बघितली तर हजारावर नावं: सातबारा, पासबुक, पावती, सातबारा, पावती. सगळी छापून झालेली आणि तरी रांगेत उभी.

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो. 'अ‍ॅडव्हान्स्ड' नावाच्या पानावर खाली एक चौकोन असतो, 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स'. छापलेलं जपून ठेवा. त्यात बरोबरची खूण.

"ही खूण कुणी केली रे?"

पोरगा म्हणाला, "म्याच केली की काका."

"कामून?"

तर झालं होतं असं. हंगामाच्या सुरुवातीला एक आजी पावती घेऊन गेल्या. वाटेत पाऊस लागला, पावतीचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी चालत परत आल्या, "लेकरा, पावती भिजली की रे." त्या दिवशी इंटरनेट रांगत होतं, पावती काही निघेना. आजी तशाच माघारी गेल्या आणि पुन्हा एकदा आल्या. पोराच्या मनाला ते लागलं. त्यानं शोधून शोधून ही सोय काढली. खूण केली की छापलेलं प्रत्येक पान रांगेत राहतं, नावावर उजवी क्लिक करून 'रिस्टार्ट' म्हटलं की इंटरनेट नसलं तरी पुन्हा छापून निघतं. कुणा म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांदा हेलपाटा पडू नये, एवढ्यासाठी.

आणि फॉरमॅटनं दुखणं का जात नव्हतं, तेही त्याच वेळी कळलं. कॉम्प्युटरवाला फॉरमॅट मारून गेला की हा प्रिंटर जोडायचा आणि सगळ्यात आधी तीच खूण करायचा. शिवाय प्रत्येक फॉरमॅटमध्ये जपलेल्या पावत्याही जायच्या, म्हणजे ज्यासाठी हे चाललं होतं तेही होत नव्हतं.

राहिला एक प्रश्न: एकेक पान ९० एमबीचं कसं? स्कॅनर रंगीत आणि ६०० डीपीआयवर लावलेला. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. २०० वरून ६०० वर गेलं तर ठिपके तिप्पट होत नाहीत. आडवे तिप्पट, उभे तिप्पट, म्हणजे नऊपट. ए-फोर कागद ६०० वर रंगीत स्कॅन केला आणि आकसून ठेवला नाही, तर जवळजवळ १०० एमबी होतो. २०० वर तोच कागद साधारण अकरा एमबी. काळ्या-पांढऱ्या सातबाऱ्याला ६०० डीपीआय रंगीत कशाला हवं? आणि खरं विचाराल तर सातबारा ऑनलाइन निघत असताना त्याच्या तीन-तीन झेरॉक्स मागणारे जे कुणी असतील, त्यांनाच एकदा या रांगेत उभं करायला पाहिजे. पण तो विषय मोठा आहे.

आम्ही काय केलं? प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा थांबवली, ते फोल्डर रिकामं केलं, सेवा पुन्हा सुरू केली. खूण काढली. स्कॅनर २०० वर आणला. पावती छापायच्या आधी ती पीडीएफ करून गावाच्या नावाच्या फोल्डरात ठेवायची सवय त्याला लावली. अशी एक पीडीएफ काहीशे केबीची. हजार पावत्या ठेवल्या तरी एक जीबी होत नाही. आजींची सोयही राहिली आणि जागाही राहिली. साडूच्या आईनं लिंबू-मिरची मात्र काढली नाही. त्यांचं म्हणणं, गुण तिचाच.

वेळ थोडा उरलाय, तेवढ्यात पुसण्याबद्दल सांगतो, कारण यावरही फोन येतात. डिलीट केलं तरी जागा वाढली नाही, असं झालं तर आधी रिसायकल बिन बघा. डिलीट केलेली फाइल तिथं जाऊन बसते आणि जागा अडवूनच बसते. बिन रिकामी केली की जागा मोकळी दिसते. पण फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कवर मजकूर तरीही तिथंच असतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन कुठं जात नाही, नवा मालक पेरेपर्यंत जुनं पीक उभंच राहतं, तसं. म्हणून जुना कॉम्प्युटर विकताना नुसतं डिलीट करून देऊ नका, पुसलेल्या फायली परत मिळवून देणारे प्रोग्राम मिळतात. एसएसडीत, म्हणजे तबकडी नसलेल्या नव्या डिस्कमध्ये, मात्र विंडोज डिस्कला कळवतं की ही जागा आता कामाची नाही, आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. तिथं चुकून पुसलेले नातवाचे फोटो परत मिळतील अशी आशा फारशी धरू नका.

नेहमीची सफाई करायला बाहेरचा कुठला चकचकीत क्लीनर लागत नाही. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजार चुका सापडल्या' असं ओरडणारे तर मुळीच नकोत, ते स्वतःच जागा खातात. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. पुन्हा एकदा: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथं कशानं किती जागा घेतली त्याची यादी येते. 'टेम्पररी फाइल्स'मध्ये जाऊन खुणा करायच्या, पण 'डाउनलोड्स'च्या नावापुढं खूण असेल तर ती आधी काढा. पोरांची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला बहुतेक घरांत तिथंच पडलेला असतो.

नमस्कार.